निळी, नारंगी आणि सुभेदार काकांचे शेअर

सर्व्हरचं बटण दाबलं की तो लगेच चालू होतो असं वाटत असेल, तर तुम्ही सुखी माणूस आहात! आधी पंखे विमान उडाल्यासारखे ओरडतात, मग तो स्वतःचा एकेक अवयव तपासत बसतो. चांगली दहा-पंधरा मिनिटं तुम्ही त्याच्यासमोर हात बांधून उभे. जाता येत नाही, दुसरं काम करता येत नाही. मग माणसं काय करणार? बोलणार! आमच्या ऑफिसातले सगळे किस्से ह्या पंधरा-पंधरा मिनिटांत साठलेत. मला पुण्याहून सांगलीला येऊन दोनच वर्षं झाली, पण एवढा साठा झालाय की मैत्रिणींना सांगायला गेलं तर म्हणतात, "केतकी, फेकू नकोस हं!"

अगं, फेकायला कशाला लागतंय? इथं दर आठवड्याला एक धक्का ठरलेला!

ऑफिस विश्रामबागला, दुसऱ्या मजल्यावर, खाली बेकरी. आम्ही चौघं. सर म्हणजे मालक. अमोल म्हसवडचा, माझ्याच वयाचा, नेटवर्किंगचं काम करतो आणि उरलेल्या वेळात शेअर बाजार बघतो. खरं तर उलटं आहे, पण सर वाचतील. सुभेदार काका फौजेत सिग्नलला होते, गाव सातारा जिल्ह्यात, रिटायर झाल्यापासून आमच्याकडे सर्व्हरची देखभाल करतात. आणि चौथी मी.

आम्ही दोन कंपन्यांचे सर्व्हर विकतो. नावं सांगत नाही, भांडणं नकोत. एकीच्या सर्व्हरची पुढची पट्टी निळी, दुसरीची नारंगी. म्हणून ऑफिसात एक 'निळी' आणि एक 'नारंगी'. दोन्ही आपल्याच देशातल्या, छोट्याच, आणि एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. दोघी शेअर बाजारातही आहेत, पण त्या छोट्या कंपन्यांच्या कोपऱ्यात. तिथं सुटे शेअर मिळत नाहीत, अख्खा लॉट घ्यावा लागतो, आणि कित्येकदा दिवसभरात एखादाच सौदा होतो.

आता सुरू करते.

* * *

माझा पहिला आठवडा. सर म्हणाले, "चल, तासगावला तात्यांकडे जाऊ."

तात्या म्हणजे बेदाण्याचे मोठे व्यापारी. स्वतःचं कोल्ड स्टोरेज, मोठं ऑफिस. मार्केट यार्डात त्यांचा शब्द असा चालतो की तात्यांनी नवीन कंपनीची चप्पल घेतली तरी महिन्याभरात अर्ध्या यार्डाच्या पायात तीच!

सर निळा टी-शर्ट घालून आले होते, छातीवर निळीचं चिन्ह. तासभर बोलले. निळी कशी दणकट, नारंगीचा पंखा कसा बोंबलतो, वीज किती खातो. तात्या म्हणाले, "बरं. जेवून या, मग बघू."

आम्ही जेवलो. आणि गाडीत सरांनी टी-शर्ट बदलला. नारंगी! मला वाटलं रस्सा सांडला असेल. कसला रस्सा! सर परत तात्यांसमोर जाऊन बसले आणि नारंगी कशी दणकट, निळी किती तापते, ह्यावर पुन्हा तासभर! 

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "आवं, सकाळी तर तुमीच म्हनला नारंगी घिऊ नका म्हनून!"

"सकाळी मी निळीचा माणूस म्हणून आलो होतो," सर म्हणाले. "आता नारंगीचा म्हणून आलोय. दोघींची एजन्सी आहे तात्या, एकीशी बेइमानी करून कसं चालेल?"

मला वाटलं, झालं, आता आपल्याला हाकलतात. तात्यांनी बेदाण्याची ताटली आमच्याकडे सरकवली. "मग दोनी द्या. एकाच खोलीत, एकाच कामाला जुपतो. पुढच्या दसऱ्यापतूर पळवतो. जी टिकंल तिचे शेअर घेतो, आन् यार्डालाबी सांगतो."

एक विकायला गेलो होतो, दोन विकून आलो! परत येताना सर नुसत्या बनियनवर गाडी चालवत होते. मी घाबरत विचारलं, "सर, शर्ट?"

"आता दसऱ्यापर्यंत मी कुणाचाच नाही!"

* * *

सुभेदार काका निळीच्या पार्टीत गेले ते पाचगणीमुळे.

तिथल्या एका निवासी शाळेला निळीचा सर्व्हर पोचवायचा होता. आमची गाडी वाईत बंद पडली. काकांनी रिकामे स्ट्रॉबेरीचे क्रेट घेऊन वर निघालेला एक पिकअप थांबवला, सर्व्हर मागं चढवला आणि स्वतः त्याला मिठी मारून बसले. मी पुढे ड्रायव्हरशेजारी. तो माणूस घाटात गाडी अशी चढवत होता, जणू वर त्याची सासू बुडत होती!

शेवटून दुसऱ्या वळणावर मागून आरोळी आली. पिकअप थांबला. बघते तर काका रस्त्यावर उभे, दोन क्रेट रस्त्यावर, आणि खोकं पण रस्त्यावर!  सर्व्हरचा एक कोपरा आत गेला होता.

शाळेत पोचल्यावर मी काकांना कोपऱ्यात घेऊन सांगत होते की काहीतरी कारण काढू, उद्या दुसरा आणू. काका सरळ प्रिन्सिपॉल बाईंसमोर. "मॅडम, ह्यो वाटंत पडलाय. लावून दावतो. नगं वाटला तर दुसरा आनून दितो."

लावला. बटण दाबलं. चालू! पहिल्या फटक्यात! आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो.

प्रिन्सिपॉल बाई म्हणाल्या, "हाच ठेवा. माझ्याकडे चारशे मुलं आहेत. न पडलेला इथं टिकायचा नाही!"

काका पार खूश. "ही कंपनी फौजेत पायजे हुती!" आणि पुढच्या आठवड्यात रिटायरमेंटच्या पैशातला मोठा हिस्सा निळीच्या शेअरमध्ये, चांगले दहा लॉट! स्वतःसाठी नाही हं. त्यांची मुलगी धनश्री जनावरांची डॉक्टर झालीय. गावात तिला स्वतःचा दवाखाना टाकायचाय, गाई-म्हशींच्या सोनोग्राफीचं मशीन घेऊन. दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन. "तवर शेअर पिकत्याल," काका म्हणाले.

अमोल डोकं धरून बसला. "काका, घाटात पडून वाचला म्हणून कोण शेअर घेतं का हो? बॅलन्स शीट बघायची असते!"

"तुजी बॅलन्स शीट गाडीतनं पडली तर चालू राहती का रं?"

* * *

सातारा जिल्ह्यातला एक साखर कारखाना. कुठला ते नको, पुढच्या टेंडरला आम्ही आहोत!

तिथं नारंगीचा सर्व्हर बसवला. चेअरमन साहेब बघायला आले आणि दारातच थबकले. "ह्ये काय आनलंय?"

"सर्व्हर, साहेब."

"रंग बघा की त्याचा! विरोधी पॅनेलचा हाय! निवडणूक पंधरा दिसांवर आलीया आन् माज्याच कारखान्यात त्यांचा झेंडा?"

मला वाटलं चेष्टा करतायत. तोंड बघितलं. चेष्टा नव्हती! आता? अख्खा सर्व्हर बदलायचा? सरांना फोन लावला. सर म्हणाले, "पट्टी बदला."

निळीची पट्टी नारंगीला बसत नाही. काकांनी कानस मागवली आणि अर्धा तास घासून ती बसवली. चेअरमन खूश. "आता कसं!" काकांना राहवलं नाही. "साहेब, आत नारंगीच हाय बरं का."

"आत कोन बघतंय!"

निवडणूक झाली. विरोधी पॅनेल आलं! नव्या चेअरमननी पहिल्याच दिवशी बोलावलं. "आदी तो निळा भंगारात काढा. पंधरा दिस झालं ऐकतोय, लय हळू चालतोय." आम्ही गेलो, निळी पट्टी काढली, मूळची नारंगी परत लावली. पाच मिनिटांचं काम. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही, शप्पथ!

नवे चेअरमन स्क्रीनसमोर बसले, दोन बटणं दाबली आणि संचालकांकडे वळून म्हणाले, "बगा! सत्ता बदलली की कसा पळाय लागला!"

* * *

एप्रिलमध्ये मी एकटी तात्यांकडे गेले, महिन्याच्या तपासणीला. सर्व्हरची खोली उघडली. रिकामी! दोन्ही गायब! 

"तात्या, चोरी झालीय!"

"चोरी कसली? उनाळा लय वाढलाय. थंडीत ठिवलेत."

"कुठल्या थंडीत?"

तर कोल्ड स्टोरेजमध्ये! चार अंशाला! बेदाण्याच्या खोक्यांच्या दोन थप्प्यांच्या मधोमध दोन्ही सर्व्हर शेजारी-शेजारी, आणि समोर स्टुलावर तात्यांचे अकाउंटंट. बाहेर एप्रिलचं ऊन, आणि हा माणूस स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे घालून बिलं टाइप करतोय! मला बघून म्हणाले, "मॅडम, तुमीच सांगा की तात्यांना." दात वाजत होते बिचाऱ्यांचे.

मी काकांना फोन लावला. काका आले, दोन्ही सर्व्हर ब्लँकेटात गुंडाळून बाहेर काढले आणि दिवसभर तसेच ठेवले, एकदम उन्हात आणलं तर आत दव धरतं म्हणून. त्यांची एक वही आहे, प्रत्येक सर्व्हरची नोंद त्यात. त्या दिवशीची नोंद मी वाचली: "दोन्ही जवान बर्फात तैनात. तब्येत उत्तम. कारकून गारठला."

मग नवी खोली शोधायची होती. तात्यांनी मागच्या बाजूची एक दाखवली. वारा भरपूर, वर झरोका, ऊन नाही. मी स्वतः, इंजिनियर मी, म्हणाले, "ही बेस्ट आहे!"

त्या खोलीत काड्यापेटीसारखा एक हलका वास होता. मला तो आवडला होता. काय सांगू आता!

* * *

अमोलनं नारंगीचा एक लॉट घेतला होता. बॅलन्स शीट तीनदा वाचून! मग नारंगीची वार्षिक सभा आली, ऑनलाइन. शेअरहोल्डरला आधी नाव दिलं तर प्रश्न विचारता येतो. बाकीचे लोक "अभिनंदन साहेब" म्हणून गप्प बसतात. अमोलनं नाव दिलं.

नेमका त्या दिवशी तो म्हसवडला घरी. घरात रेंज नाही, रेंज फक्त मेंढरांच्या वाड्यापाशी. वर शर्ट, टाय, खाली बर्मुडा, आणि मागं काकांची पन्नास मेंढरं. म्हणजे त्याच्या काकांची, आमच्या नव्हे. आम्ही ऑफिसातून बघत होतो. त्याचं नाव पुकारलं. त्यानं "नमस्कार" म्हटलं, आणि एका मेंढीनं जो काही सूर लावला!

नारंगीचे चेअरमन म्हणाले, "कुणाच्या तरी माइकमधून विचित्र आवाज येतोय. कृपया तपासा."

"सर, ती मेंढी आहे," अमोल म्हणाला. "पण तुमच्या सर्व्हरचा पंखा हिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडतो. त्याचं काय करताय ते सांगा!"

  सरांनी डोळे मिटून घेतले. एजन्सी गेली, असं त्यांच्या कपाळावर लिहिलं होतं.

तीन आठवड्यांनी पार्सल आलं. नवीन बनावटीचे सहा पंखे, आणि वर चेअरमनची सही असलेली चिठ्ठी: "लावून बघा आणि मेंढीशी तुलना करून कळवा."

काका म्हणाले, "मानूस बरा दिसतूय." मग लगेच, "पन मी निळी सोडनार न्हाई. पोरीचं मशीन तिच्यावर हाय."

* * *

आता खंडेनवमी.

तात्यांकडे त्या दिवशी सगळ्या यंत्रांची पूजा. काटा, ट्रॅक्टर, बेदाणा निवडायचं मशीन, आणि दोन्ही सर्व्हर. आणि पूजा यंत्र बंद करूनच! चालू यंत्राला कुंकू लावत नाहीत. आमचे सर्व्हर मे महिन्यापासून एकदाही बंद झाले नव्हते. आम्ही तिघं, म्हणजे काका, अमोल आणि मी, पुरणपोळीच्या आमंत्रणावर गेलेलो.

दोन्ही बंद केले. झेंडूच्या माळा घातल्या. मी म्हणाले, "तात्या, हळदकुंकू आत जाईल हो!" तात्या म्हणाले, "बरं, लांबनं व्हातो." आणि लांबून अशा नेम धरून अक्षता टाकल्या की सगळ्या जाळीतून आत!

मग चालू केले. नारंगी ओरडायला लागली. निळी गप्प. काकांनी परत दाबलं. गप्प. तिसऱ्यांदा. दिवासुद्धा नाही.

काकांनी झाकण काढलं. मी आत डोकावले आणि दोन पावलं मागं सरकले. अख्खा बोर्ड काळा! काजळ फासल्यासारखा! जळका वास नाही, काही नाही, नुसता काळा.

आणि तेव्हा काकांनी वर झरोक्याकडे बघितलं. "तात्या, पल्याड काय हाय?"

"पल्याड? धुरीची खोली."

बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. तो धूर झरोक्यातून पाच महिने ह्या खोलीत येत होता आणि बोर्डावरचं तांबं खात होता! तोच तो काड्यापेटीचा वास. खोली पास करणारी इंजिनियर कोण? मीच! मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं.

पण काका थांबले नाहीत. नारंगी बंद करून तिचंही झाकण काढलं. बोर्ड लख्ख. त्यावर काचेसारखा एक पातळ लेप, आणि लेपाखाली तांबं नवंकोरं. निळीच्या माहितीपत्रकातसुद्धा छापलंय, बोर्डावर संरक्षक लेप. काकांनी निळीच्या बोर्डावर नख ओढलं. लेपच नव्हता!

तात्यांच्या हातात फोन होता. दुसऱ्या दिवशी दसरा, अख्खं यार्ड विचारत होतं, कुठली घ्यायची. तात्यांनी काकांकडे बघितलं. काकांचे पैसे कशात आहेत आणि ते कशासाठी आहेत हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"सुभेदार," तात्या हळू आवाजात म्हणाले, "खोली मीच दावली. धुरी माजी. तवा निळीची चूक न्हाई, असंच म्हनायचं ना?"

सुटायला वाट दिली होती हो त्यांनी! सरळसरळ! अमोलनं काकांना कोपरानं ढोसलं. मी मनात म्हणत होते, हो म्हणा काका, हो म्हणा!

काकांनी रुमालानं हात पुसले. "धुरी दोगींनीबी खाल्ली, तात्या. नारंगी जगली, निळी मेली. लेप दिलाय म्हनून सांगत्यात, आन् दिल्याला न्हाई. यार्डात सांगा, घिऊ नका."

"आवं, तुमचेच शेअर हायत की तिच्यात!"

"हायत. म्हनून तर मोठ्यानं सांगतूय."

नंतर जेवायला बसलो.  मी एरवी एक पुरणपोळी खाते. त्या दिवशी धक्क्यानं चार खाल्ल्या!

* * *

दसऱ्यानंतर बाजार उघडला. काकांनी निळीला पाठवायचा रिपोर्ट तयार केला, फोटोंसकट. मी टाइप केला. अमोल आमच्या दोघांच्या मधे येऊन उभा राहिला, अक्षरशः हात पसरून.

"काका, पाया पडतो. आधी शेअर विका, उद्या रिपोर्ट पाठवा. एका दिवसाचा प्रश्न आहे!"

"आन् घेनार कोन?"

"कोण का घेईना! बाजार आहे तो!"

"बाजार काय झाडावर बसून घेतो का? कुनी तरी मानूसच घेनार की रं. मला म्हाईत हाय मेलाय, त्येला न्हाई. त्याच्या गळ्यात मारू व्हय?" आणि माझ्याकडे वळून, "मॅडम, धाडा."

मी पाठवला. 

एक दिवस गेला, चार गेले, कंपनीचं उत्तर नाही. आणि मधेच बातमी आली की निळीला कुठलीतरी मोठी ऑर्डर मिळाली. शेअर वर! अमोल स्क्रीनसमोर अक्षरशः नाचत होता. "काका, देवानं संधी दिलीय! विका!"

"उत्तर आल्याशिवाय न्हाई."

दर तासाला अमोल भाव सांगायचा आणि दर तासाला काका तेच म्हणायचे. धनश्रीच्या मशीनवाल्याला पाडव्याआधी पैसे द्यायचे होते. मी रात्री घरी जाऊन आईला फोनवर सांगायचे, आई म्हणायची, "असली माणसं असतात का गं अजून?"

आठव्या दिवशी उत्तर आलं. काकांचं बरोबर होतं. एका खेपेच्या बोर्डांना लेप द्यायचा राहिला होता, सगळे फुकट बदलून देणार, आणि तसं शेअर बाजाराला जाहीरही केलं. झालं! शेअर असा आपटला! घ्यायला कुणी नाही, सगळे विकायलाच!

"आता समद्यांना म्हाईत झालंय," काका म्हणाले. "आता विकाय हरकत न्हाई." त्यांचा चेहरा मात्र राखेसारखा झाला होता. शेअरचं सगळं मोबाईलवरचं काम धनश्री बघते. काका स्वतः कधी उघडत नाहीत. मेसेजसुद्धा वाचत नाहीत. पेरलेलं रोज उकरून बघू नये म्हणतात. त्यांनी तिला फोन लावला, स्पीकरवर.

"धना, निळीचे विकून टाक. मिळंल त्या भावानं. मशीनचं... बघू काय तरी."

पलीकडे गाय हंबरली. मग धनश्री म्हणाली, "बाबा, ओरडू नका. ते मी विकलेत."

"कवा?"

"गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. सगळेच्या सगळे."

आम्ही चौघं एकमेकांकडे बघतोय!

"तुमची वही वाचली मी," धनश्री म्हणाली. "श्रावणात तुम्ही लिहिलं होतं, तात्यांकडच्या निळीच्या बोर्डाला जाळीतून एका कोपऱ्यात काळं दिसतंय, लक्ष ठेवणे. आम्ही जनावराची जीभ काळी पडलेली दिसली की लक्ष ठेवत बसत नाही, बाबा! तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही विकू दिले नसते. मशीनचे पैसे भरलेत. पाडव्याला येतंय."

अमोलनं टेबलावर उडी मारली. खरंच, टेबलावर! सरांनी खिडकीतून बेकरीवाल्याला ओरडून दोन डझन क्रीमरोल मागवले. मी रडत होते की हसत होते मलाच कळेना.

काका फोन हातात धरून बसलेले.

"काय झालं काका? वाचलात की!" मी म्हणाले.

"म्हंजी मी तात्याला खोटं बोललो."

"काय खोटं?"

"माजे शेअर हायत म्हनलो. नव्हते."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि मी तासगावला. उत्तराबरोबरच आलेला निळीचा नवीन बोर्डही बसवायचा होता, पण काका काही त्यासाठी आले नव्हते. तात्यांच्या ऑफिसात दिवाळीची साफसफाई चालू होती. तात्यांनी चहा मागवला. बोर्ड बसला, ह्या वेळी लेपासकट, आणि निळी सुरू झाली.

काकांनी चहाचा घोट घेतला आणि सांगून टाकलं. वहीचं, गणपतीतल्या तारखेचं काही नाही हं, एवढंच की "त्या दिशी माजे शेअर नव्हतेच. पोरीनं आदीच विकलेले, मला ठावं नव्हतं. मोठेपना मिळाला तो फुकटचा हुता. सांगाय आलो."

तात्या आधी बघत राहिले आणि मग असे हसले की शेजारच्या खोलीतून अकाउंटंट डोकावले.

"येवड्यासाठी आला व्हय सुभेदार? आवं, मग मीबी खोटंच बोललो की! दसऱ्याला ठरवनार, दसऱ्याला ठरवनार म्हनून यार्डाला थांबवलं, आन् मलाच दम निघंना. निळी लय झ्याक पळत हुती. तिचे शेअर आदीच घिऊन बसलोय!"

"कवा?" काकांनी विचारलं.

"गनपतीत. गनपती बसले त्याच्या दुसऱ्या दिशी. एरवी तितं एक लॉट मिळायची मारामार, आन् त्या दिशी कुनीतरी धा लॉट एकदम काडले विकाय. म्हनलं, देवच पावला! समदे मीच उचलले."

माझा कप ओठापाशीच थांबला.

"अजून हायत?" काका.

"हायत की! आता कोन घेतंय त्यास्नी?" तात्यांनी मांडीवर थाप मारली. "पन कायबी म्हना, त्यो विकून गेला त्यो बेनं लय हुशार! कुठला हाय, एकदा गाठ घालून द्या म्हनावं कुनीतरी!"

मी काकांकडे बघितलं. मनात म्हटलं, काका, नका. देवाशप्पथ नका. बाजारात कोण कुणाला विकतं कधी कळत नाही, त्या दिवशी दुसरंही कुणी असेल...

काकांनी कप खाली ठेवला. खुर्ची मागं सारली आणि उभे राहिले.

"आवं, बसा की," तात्या म्हणाले. "च्या तरी संपवा."

"न्हाई तात्या," काका म्हणाले. "ह्ये उभ्यानंच सांगतो."